‘उपलब्ध नाही’ म्हणून परत आलेली मागणी: बाहेरगावचं पुस्तक अडतं कुठे?

“मॅडम, माझं पुस्तक आलं का ओ?”

सहामाही प्रगती अहवालाचे दिवस आले की हा प्रश्न माझ्या टेबलापाशी दिवसातून चार-पाचदा येतो. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आपल्याकडे नसलेलं पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत दुसऱ्या गावाहून मागवायचं, कागदोपत्री ज्याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात ती करायची, तर संशोधकाचा फॉर्म आधी माझ्याकडे येतो आणि मग पुढे जातो. तीन आठवड्यांनी तोच फॉर्म ‘उपलब्ध नाही’ एवढे दोन शब्द घेऊन परत येतो. विद्यार्थी वैतागतो, पुण्याच्या लोकांनी मुद्दाम दिलं नाही म्हणतो, तोच फॉर्म तसाच्या तसा पुन्हा भरतो. आणखी तीन आठवड्यांनी तेच दोन शब्द.

पुण्याचे लोक बिचारे निर्दोष असतात. बहुतेक मागण्या सोलापूरचं स्टेशन सोडायच्या आधीच, फॉर्मच्या कागदावर मेलेल्या असतात. तुमची मागणी कुठे अडली ते कसं ओळखायचं आणि दुसऱ्यांदा पाठवताना काय बदलायचं, तेवढंच इथे लिहिते. जी गोष्ट रोज टेबलावर तोंडी सांगावी लागते ती एकदा लिहिलेली बरी.

‘उपलब्ध नाही’ म्हणजे नेमकं काय?

या उत्तराचे माझ्या हिशेबाने निदान पाच अर्थ होतात. असं पुस्तक तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या सूचीत, सापडलंच नाही. तालिकेत आहे, पण कपाटात नाही. आहे, पण कोणीतरी नेलंय. आहे, पण ते बाहेर देत नाहीत. आणि पाचवा, फॉर्म वाचून समोरच्याला काही कळलंच नाही. उत्तर देणारा माणूस स्वतःचं काउंटर सांभाळून हे काम करत असतो, त्यामुळे पाचही गोष्टींना तो हेच दोन शब्द वापरतो.

म्हणून नवा फॉर्म मागायच्या आधी मूळ उत्तराचा मेल बघायला मागा. आपल्यापर्यंत पोचेपर्यंत उत्तर दोन हातांतून गेलेलं असतं आणि प्रत्येक हाताने ते थोडं छाटलेलं असतं. मेलमध्ये ‘संदर्भ प्रत’ (म्हणजे तिथेच बसून वाचायची) असा शब्द असेल तर पुस्तक तिथे आहे, ही आनंदाची बातमी आहे. ‘अमुक तारखेपर्यंत इश्यू’ असेल तर थांबायचं, बाकी काही करायचं नाही. ‘नोंद आढळत नाही’ असेल तर मात्र दोष जवळजवळ नेहमी आपल्या फॉर्मचा.

आधी सोलापुरात बघा

हे सांगितलं की मुलं माझ्याकडे जरा नाराजीनेच बघतात. पण आपलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ चं. दयानंद कॉलेज १९४० पासून आहे. तेव्हा जुनं मराठी पुस्तक विद्यापीठाच्या ओपॅकवर (संगणकावरच्या तालिकेत) दिसत नाही म्हणून ते सोलापुरात नाही, असं होत नाही. जुन्या कॉलेजांची ग्रंथालयं आहेत, हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. जुन्या ग्रंथालयांत सगळ्याच नोंदी संगणकावर चढलेल्या असतात असंही नाही. काही पुस्तकांचा पत्ता अजून लाकडी खणांतल्या कार्डांवर किंवा दाखल नोंदवहीतच असतो. तो स्क्रीनवर सापडणार नाही, तिथल्या माणसाला विचारावा लागतो. एका मुलीने दोन महिने ज्या पुस्तकाची पुण्याहून वाट पाहिली, ते तिच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरच्या एका कपाटात निघालं.

लेखांचंही तसंच. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना त्यातून उघडली. तुमची संस्था त्यात बसते का ते आधी ग्रंथालयात विचारा. बसत असेल तर लेख आवारातल्या नेटवर्कवरून उघडून पाहा. घरच्या मोबाइल डेटावरून प्रकाशकाची साइट पैसे मागते म्हणून ‘आपल्याला मिळत नाही’ असं लिहून फॉर्म भरलेले मी कितीतरी पाहिलेत.

आणि कर्नाटक विसरू नका. सोलापूरचा संशोधक उठला की पुण्याकडे तोंड करतो. पण विषय लिंगायत मठांचा असेल, कानडी साधनांचा असेल, तर कलबुर्गीचं विद्यापीठ पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. निजामाच्या राज्याशी संबंध असेल तर त्याच रेल्वेमार्गावर पुढे हैदराबाद. अक्कलकोट ओलांडलं की ग्रंथालयं संपत नाहीत.

साल १८५०, गिरणी १८७७

आता एक प्रकरण नीट सांगते, कारण यात बरंच काही आहे.

गिरणी कामगारांवर काम करणारा एक मुलगा फॉर्म घेऊन आला. पुस्तकाचं नाव होतं, लेखकाचं फक्त आडनाव होतं, प्रकाशक कोरा, साल १८५०. मागणी एकदा जाऊन परत आलेली. उत्तर ठरलेलं.

“अरे, १८५० साली सोलापुरात गिरणी होती का?”

“नाही मॅडम. जुनी मिल १८७७ ची.”

“मग या पुस्तकात गिरणी कुठून आली?”

तो गप्प. मग म्हणाला, “दुसऱ्या एका प्रबंधाच्या संदर्भसूचीत असंच लिहिलंय.” त्याच्या मोबाइलवर मुखपृष्ठाचा एक फोटो होता, कुणीतरी फॉरवर्ड केलेला, खालची बाजू अर्धवट कापलेली. मोठा करून पाहिला. प्रकाशकाच्या नावाखाली आकडा होता १८५०, आणि त्याच्या डावीकडे कापल्या गेलेल्या ओळीत एक ‘के’ उरला होता. शके. शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पुस्तक जानेवारी ते फाल्गुनाच्या दरम्यान निघालं असेल तर ७९. म्हणून शके १८५० चं पुस्तक तालिकेत १९२८ मध्येही असू शकतं आणि १९२९ मध्येही. दोन्ही शोधा. ज्याने संदर्भसूची केली त्याने ‘शके’ गाळलं, पुढच्याने ते डोळे मिटून उतरवलं, आणि आमच्या फॉर्मवर १८५० आलं. पलीकडच्या माणसाने १८५० टाकून शोधलं, काही मिळालं नाही, त्याने खरं तेच कळवलं.

सोलापुरात ही अडचण आणखी एका वळणाने येते. जीवराज जैन ग्रंथमालेसारखं मोठं काम इथूनच प्रकाशित झालं, आणि जैन ग्रंथांवर पुष्कळदा वीर निर्वाण संवत असतो. त्यातून ५२७ वजा करायचे. विक्रम संवत असेल तर ५७. वीर निर्वाण वर्ष दिवाळीच्या आसपास बदलतं, विक्रम वर्ष कुठे दिवाळीला तर कुठे चैत्रात, म्हणून एका वर्षाचा फरक धरून चाला. ग्रंथाच्या नावात गोंधळ झाला तर शोधणारा शंका तरी घेतो. साल चुकलं तर शंकाही घेत नाही, सरळ पुढच्या फॉर्मकडे वळतो.

माझा नियम साधा आहे: सालाची खात्री नसेल तर ती जागा कोरी सोडा आणि शेजारी ‘साल अनिश्चित’ लिहा. चुकीच्या सालापेक्षा कोरी जागा बरी. संदर्भसूचीतून उतरवलेली माहिती असेल तर ती कुठल्या पानावरून घेतली तेही लिहा, म्हणजे दुसरं कोणीतरी मुळाशी जाऊन पाहू शकतं.

नाव एक, स्पेलिंग दोन

आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग आता ‘एस-ओ’ने सुरू होतं. जुन्या काळी ते ‘एस-एच-ओ’ने सुरू होत असे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा विसावा खंड १८८४ चा, त्यावर शोलापूरच आहे. जुन्या नगरपालिकेचे, गिरण्यांचे, चेंबरचे इंग्रजी कागद बहुतेक त्याच स्पेलिंगचे. तेव्हा इंग्रजी तालिकेत दोन्ही स्पेलिंगं टाकल्याशिवाय ‘सोलापूरवर काही नाही’ असं म्हणू नका. (गॅझेटियर मागवायला मात्र जाऊ नका. तो इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतो, आणि तरीही दरवर्षी एक तरी फॉर्म त्यासाठी येतोच.)

मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत असली की आणखी मजा. परदेशी ग्रंथालयांच्या पद्धतीत ‘च’साठी नुसता ‘सी’ लिहितात आणि ‘छ’साठी ‘सी-एच’. शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहितात, म्हणजे सोलापूरच्या शेवटी एक ‘ए’ येतो. ‘वाचनालय’ आपण ‘सी-एच’ घालून शोधतो आणि ते तिथे नसतं. आपल्याकडच्या ग्रंथालयांत याच्या उलट, ज्याला जसं सुचलं तसं. एकाच लेखकाचं आडनाव एकाच विद्यापीठाच्या तालिकेत तीन तऱ्हांनी सापडलंय मला. उपाय एकच: पूर्ण नाव टाकू नका. शीर्षकातला सगळ्यात वेगळा एक शब्द टाका, तोही तोडून. ‘इतिहास’ टाकलात तर हजारभर नोंदी येतील. ‘पद्मशाली’ टाकलात तर मोजक्या.

देवनागरीत शोधतानाही एक खोड आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिलं जातं: एक सबंध अक्षर म्हणून, आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला वेगळी वाटतात. ‘ऱ्या’चंही तेच. ‘ॲडव्होकेट’ किंवा ‘सुधारणाऱ्या’ असा शब्द शीर्षकात असेल आणि शोध कोरा येत असेल तर तो शब्द सोडून दुसऱ्या शब्दाने शोधा. हे कळायला मला कित्येक वर्षं लागली, आणि तोवर मी किती जणांना ‘नाही आपल्याकडे’ म्हणून परत पाठवलं असेल त्याचा विचार न केलेलाच बरा.

टोपणनावाचं सगळ्यांना माहीत असतं, तरी फॉर्म भरताना विसरतात. कुसुमाग्रजांखाली नसेल तर शिरवाडकर बघा, गोविंदाग्रजांखाली नसेल तर गडकरी. फॉर्मवर दोन्ही लिहा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, लिहिला की काम झालं असं समजणारेही आहेत. १९७० च्या आधीच्या पुस्तकाला तो नसतोच. २००७ पासून तो १० ऐवजी १३ अंकी झाला. जुन्या दहा अंकांपुढे नुसते ९७८ जोडून चालत नाही, कारण शेवटचा पडताळणीचा अंकही बदलतो. दहा अंकी असेल तर दहा अंकीच लिहा.

लेख मागितलात की पुस्तक?

संपादित ग्रंथातला एखादा लेख हवा असतो, आणि फॉर्मवर शीर्षकाच्या जागी लेखाचं नाव आणि लेखकाच्या जागी लेखाच्या लेखकाचं नाव येतं. त्या नावाचं पुस्तक जगात कुठेच नसतं. तालिकेत ग्रंथाचं नाव आणि संपादकाचं नाव असतं. संदर्भसूचीत ‘संपा.’ दिसलं की थांबा आणि दोन नावं वेगळी करा: ग्रंथ कुठला, त्यातला लेख कुठला, पानं कुठली ते कुठली. हे केलंत की बोनसही मिळतो. अख्खा ग्रंथ मागवायची गरज उरत नाही, पंधरा पानांचं स्कॅन दोन दिवसांत येतं.

नियतकालिकांत खंड आणि अंक यांची अदलाबदल होते ती वेगळीच, पण त्याहून मोठा घोळ नाव बदललेल्या नियतकालिकांचा. ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चा १९५८ चा अंक हवा अशी मागणी आली होती. त्या नावाचा अंक १९५८ साली निघूच शकत नाही. ते साप्ताहिक १९४९ पासून ‘इकॉनॉमिक वीकली’ होतं, आताचं नाव १९६६ पासूनचं. तालिकेत बहुतेकदा दोन वेगळ्या नोंदी असतात, आणि ज्या नावाने मागाल त्याच नोंदीत शोधणारा बघतो.

जुना प्रबंध कुठल्या विद्यापीठात?

सोलापूरवर काम करणाऱ्यांना जुने प्रबंध लागतात, आणि ते चुकीच्या दारात मागितले जातात. सोलापूरची कॉलेजं कधी कुठल्या विद्यापीठाला जोडलेली होती, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. २००४ पासून आपलं विद्यापीठ. त्याआधी १९६२ पासून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. त्याआधी १९४९ पासून पुणे. आणि त्याच्याही आधी मुंबई. म्हणून १९८५ साली सोलापूरच्या प्राध्यापकाने लिहिलेला प्रबंध सोलापुरात शोधण्यात अर्थ नाही, तो कोल्हापूरला खर्डेकर ग्रंथालयात विचारा. १९५५ चा असेल तर पुण्याला जयकर ग्रंथालयात. संशोधक नोकरीला सोलापुरात आणि नोंदणी भलत्याच विद्यापीठात, असंही व्हायचं. तेव्हा मार्गदर्शकाचं नाव मिळालं तर ते नक्की लिहा.

अलीकडचे प्रबंध ‘शोधगंगा’वर बघा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीपासून प्रबंधाची डिजिटल प्रत तिथे जमा करायची असते. मराठी प्रबंधाचं शीर्षक तिथे कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी सरळ इंग्रजी भाषांतरात असतं. शीर्षकाने मिळाला नाही तर विद्यापीठ, मग विभाग, मग मार्गदर्शक अशा क्रमाने आत जा. प्रकरणं बहुधा वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. पहिली फाइल उघडून ‘यात फक्त मुखपृष्ठच आहे’ म्हणून परत येऊ नका.

मूळ छापील प्रबंध मात्र कुठलंच ग्रंथालय सहसा बाहेर देत नाही. एकच प्रत असते.

‘बाहेर देता येत नाही’

गिरणीवाल्या मुलाकडे परत जाऊ. साल दुरुस्त करून, लेखकाचं पूर्ण नाव शोधून, प्रकाशक लिहून दुसरी मागणी पाठवली. या वेळी आठ दिवसांत उत्तर आलं: पुस्तक आहे, दुर्मीळ विभागात आहे, बाहेर देता येत नाही. मुलाचं तोंड पडलं. मी मात्र खूश होते, कारण आता पुस्तक कुठल्या इमारतीत आहे ते कळलं होतं.

इथे लोक हट्टाने तिसऱ्यांदा पुस्तकच मागतात. पुस्तक मागायचं नाही, पानं मागायची. पण पानं मागायला अनुक्रमणिका लागते. म्हणून आधी फक्त अनुक्रमणिकेचा फोटो मागितला. तो दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आला. पिवळट पान, कोपऱ्यात वाळवीने कोरलेली नक्षी, आणि मधोमध मुलाला हवी असलेली दोन प्रकरणं: एक चाळींवर, एक संपांवर. तेवढीच बेचाळीस पानं मागितली.

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मागू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ५२ ग्रंथालयांना आणि अभ्यासकांना काही सवलती देतं. खासगी अभ्यासासाठी रास्त वापर चालतो. पुस्तक भारतात विकत मिळतच नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. पण बाजारात मिळणारं पुस्तक कडेपासून कडेपर्यंत स्कॅन करून द्या म्हटलं, तर शहाणा ग्रंथपाल नाहीच म्हणणार, आणि तुमची पुढची रास्त मागणीही जरा संशयाने वाचणार. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं उलटली असतील तर हक्क संपलेला असतो. अशा वेळी लेखकाचं मृत्युवर्ष फॉर्मवर लिहून टाका. पलीकडच्याला निर्णय घेणं सोपं जातं. तरीही पानं झडत असतील तर ते स्कॅनरखाली घालणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

या मुलाच्या बाबतीत तेच झालं. एका प्रकरणाची पानं आली, दुसऱ्याची शिवण सुटलेली म्हणून नाही आली. मग उरतो जुना उपाय. ग्रंथपालांच्या सहीचं आणि शिक्क्याचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र, मार्गदर्शकाचं शिफारसपत्र, आणि सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस. दिवसभर बसायचं, संध्याकाळच्या हुतात्माने परत यायचं. जायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: दुर्मीळ विभाग त्या दिवशी उघडा आहे का, आणि पुस्तक आदल्या दिवशी काढून ठेवता येईल का. भांडारकर संस्था असो, भारत इतिहास संशोधक मंडळ असो की गोखले इन्स्टिट्यूट, अशा ठिकाणी पोचल्यावर पहिले दोन तास पुस्तक निघण्यात जाऊ शकतात, आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी सगळीकडे असते. पत्रावर पुस्तकाचा वर्गांक (विषयाप्रमाणे कपाटातली जागा सांगणारा) आणि दाखल क्रमांक (त्या प्रतीचा नोंदवहीतला) लिहिलेला असेल तर ते दोन तास वाचतात. पेन्सिल न्या. बऱ्याच ठिकाणी दुर्मीळ पुस्तकापाशी पेन काढू देत नाहीत.

१९५४ नंतरचं मराठी पुस्तक कुठेच सापडत नसेल तर मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आठवा. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली अशा चार ठिकाणी पाठवायची असते. सगळे प्रकाशक पाठवतात असं नाही, तरी बघायला हवं.

उत्तरच येत नाही

‘नाही’पेक्षा हे वाईट. पंधरा दिवस झाले, होही नाही आणि नाहीही नाही.

बहुतेक वेळा मागणी अशा वेळी गेलेली असते जेव्हा पलीकडे पुस्तकांची वार्षिक पडताळणी चालू असते, परीक्षा असतात, किंवा दिवाळीची सुट्टी. आपल्याकडे संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, सुरू झाला की जसं अर्धं सोलापूर होम मैदानावर असतं, तसा प्रत्येक गावाचा काहीतरी गड्डा असतो. पण एक कारण आपल्या हातातलं आहे. मागणीत वर्गांक आणि दाखल क्रमांक नसला की ती ‘शोधायची’ मागणी ठरते, आणि शोधायच्या मागण्या ढिगाच्या तळाशी जातात. दोन्ही आकडे असले की ती ‘आणायची’ मागणी होते. शिपाई कपाटापाशी जातो, पुस्तक काढतो, संपलं. हे आकडे त्या ग्रंथालयाच्या ओपॅकवर मिळतात. इन्फ्लिबनेटच्या इंडकॅटमध्ये आणि डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याच्या तालिकेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या सामायिक तालिकांत, पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे ते कळतं. डेलनेट १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालं, आणि त्याचं सदस्यत्व ग्रंथालयाचं असतं. तुम्ही स्वतः तिथे मागणी टाकू शकत नाही, म्हणून उगाच तिथे फोन करू नका.

सामायिक तालिकेबद्दल एक इशारा. तिथली नोंद ही कधीतरी पाठवलेली नोंद असते. त्यानंतर पुस्तक हरवलं, रद्दबातल झालं, दुसऱ्या विभागात गेलं, तरी नोंद तशीच राहते. म्हणून एकाच ग्रंथालयाचं नाव लिहून फॉर्म देऊ नका. तीन लिहा, पसंतीच्या क्रमाने.

आलं, पण परत कधी द्यायचं?

पुस्तक आलं की लोक सगळं विसरतात. मुदत कधीपासून मोजायची ते वाचतच नाहीत. पुष्कळ ठिकाणी मुदत पुस्तक पाठवल्या दिवसापासून धरतात, आणि ते परत पोचेपर्यंत. ३० दिवसांतले सहा येण्यात गेले, सहा जाण्यात जाणार, तुमच्या हातात उरले अठरा. मुदतवाढ हवी असेल तर ती मुदत संपायच्या आधी मागायची, आणि आमच्यामार्फतच. थेट त्या ग्रंथालयाला फोन करून ‘मी सोलापूरहून बोलतोय’ म्हणणारे असतात. तिकडे तुमचं नाव कुठेच नसतं, आमच्या संस्थेचं असतं.

टपालाचा खर्च साधारणपणे मागणाऱ्याकडून घेतला जातो. जुन्या अंदाजावर जाऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं, मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आलं. काउंटरवर विचारूनच पैसे भरा.

पुस्तकातली पाठवणी चिठ्ठी फेकू नका. दुसऱ्या गावचं पुस्तक आपल्या पुस्तकांच्या ढिगात एकदा मिसळलं की त्याचा मालक फक्त त्या चिठ्ठीवरून कळतो. हे मी अनुभवाने सांगते. एकदा दोन ग्रंथालयांची दोन पुस्तकं एकाच आठवड्यात परत करायची होती. संध्याकाळची वेळ, पोस्ट बंद व्हायला वीस मिनिटं. मी दोन्ही खाकी कागदात बांधली, सुतळी आवळली, पत्ते चिकटवले आणि पळाले. दहा दिवसांनी दोन्हीकडून मेल: आमचं पुस्तक आलं नाही, हे कुणाचं आहे? कोल्हापूरचं पुण्याला आणि पुण्याचं कोल्हापूरला गेलं होतं. दोघांनीही हसून घेतलं आणि परस्पर पाठवून दिलं, पण मधल्या काळात ज्या मुलीच्या नावावर ती पुस्तकं होती तिचं ना-देय प्रमाणपत्र अडकलं, आणि तिची मौखिक परीक्षा आठवड्यावर आलेली. तेव्हापासून आधी पत्ता लिहिते, मग पुस्तक गुंडाळते, आणि सुतळी बांधायच्या आधी उघड्या पार्सलचा मोबाइलवर फोटो काढते, पुस्तकाचा शिक्का आणि पत्ता एकाच चौकटीत येईल असा.

गिरणीवाला मुलगा परवा पुन्हा आला होता. नवा फॉर्म, नवं पुस्तक. सालाच्या जागी त्याने लिहिलं होतं: ‘शके १८५३, म्हणजे १९३१ किंवा ३२’. खाली तीन ग्रंथालयांची नावं, पहिल्यापुढे वर्गांक आणि दाखल क्रमांक. मी सही केली आणि फॉर्म तसाच पुढे पाठवला.